घरच्या व्यायामासाठी डंबेल्स घेताना: किती किलोचे, कोणत्या घडणीचे आणि किती जोड्या

खेळसाहित्याच्या दुकानात डंबेल्स घ्यायला आलेले गिऱ्हाईक बहुधा एकच जोडी मागते. दुकानदार त्याच्या दंडांकडे एक नजर टाकतो, पुरुष असेल तर पाच किलोंची आणि बाई असेल तर एक किंवा दोन किलोंची जोडी काउंटरवर ठेवतो, आणि पाच मिनिटांत व्यवहार आटोपतो. दोन महिन्यांनी ती जोडी दिवाणाखाली गेलेली असते. दर वेळी दोष आळसाचाच असतो असे नाही. पुष्कळदा त्या जोडीचे वजन निम्म्या व्यायामांना जड आणि उरलेल्या निम्म्यांना हलके पडते, आणि मग व्यायाम पुढे सरकतच नाही.

माझी स्वतःची पहिली जोडी दहा किलोंची होती. ती घेऊन हात बाजूला उचलायला गेलो तेव्हा खांद्यात कळ आली, आणि तीच छातीशी धरून बैठका मारल्या तेव्हा विसाव्या बैठकीलाही मांड्यांना फारसे काही जाणवले नाही. वजन एकच, माणूस एकच, तरीही एका ठिकाणी ते अति आणि दुसऱ्या ठिकाणी अपुरे. म्हणूनच ‘मला किती किलोचे डंबेल्स घ्यावेत’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. कोणत्या व्यायामासाठी किती किलो, असा तो प्रश्न विचारावा लागतो.

आपल्यापैकी अनेकांची डंबेल्सशी ओळख शाळेच्या कवायतीतच झालेली असते. शिट्टीच्या किंवा ढोलाच्या तालावर लाकडी डंबेल्स एकमेकांवर आपटायचे, कधी डोक्यावर, कधी पाठीमागे, आणि सगळ्या मैदानाचा टक्क असा एकच आवाज निघायचा. तो व्यायाम तालाचा आणि अंगाच्या लवचिकतेचा होता, त्यात वजन नावालाच असे. ताकद वाढवायची तर हिशेब वेगळा आहे: स्नायूवर त्याच्या रोजच्या सवयीपेक्षा जास्त भार पडला पाहिजे, आणि सवय झाली की तो भार थोडा थोडा वाढत गेला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा असे म्हटले आहे, आणि ६५ वर्षांपुढच्या व्यक्तींसाठी तोल आणि ताकद या दोन्हींवर भर देणारा व्यायाम तीन किंवा अधिक दिवस सुचवला आहे. हे घरच्या घरी, दहा बाय दहाच्या खोलीतही साधता येते, पण त्यासाठी हातातले वजन योग्य असावे लागते.

ठरावीक वजनाचे की बदलत्या वजनाचे

डंबेल्स मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. एका प्रकारात दांड्यावर लोखंडी चकत्या, म्हणजे प्लेट्स, चढवून दोन्ही बाजूंनी नट आवळतात, किंवा महागड्या नमुन्यांत तबकडी फिरवून हवे तेवढे वजन उचलले जाते. दुसऱ्या प्रकारात वजन ठरलेले असते: पाच किलोंचा डंबेल जन्मभर पाच किलोंचाच राहतो. बदलत्या वजनाचा प्रकार जागा वाचवतो, हे खरे आहे. मात्र एका व्यायामाकडून दुसऱ्याकडे जाताना चार नट सोडायचे, चकत्या काढायच्या, दुसऱ्या घालायच्या आणि पुन्हा आवळायचे, यात तीन-चार मिनिटे जातात, अंग थंड होते, आणि एखादे दिवशी कंटाळा येऊन आहे त्याच वजनावर सगळे उरकले जाते. शिवाय घरात दोघे व्यायाम करणारे असतील तर एकाचे संपेपर्यंत दुसऱ्याने ताटकळत बसायचे. डोक्यावर वजन नेलेले असताना नट सैल झाला आहे की काय अशी शंका मनात येते, तीही एकाग्रता मोडते. ठरावीक वजनाच्या डंबेल्सना हे कोणतेच दुखणे नाही. उचलले, व्यायाम केला, खाली ठेवले.

त्यांची अडचण एकच, आणि ती मोठी आहे: एकूण किलो फार होतात. अडीच, पाच, साडेसात, दहा आणि साडेबारा किलोंच्या एकेक जोड्या घेतल्या तर घरात ७५ किलो लोखंड येते, त्याचे पैसे मोजावे लागतात आणि ते ठेवायला स्टँड लागतो. त्यामुळे ठरावीक वजनाचे डंबेल्स घ्यायचे तर सगळी मालिका घेण्याचा मोह सोडून मोजक्या तीन किंवा चार जोड्या नेमक्या निवडणे हेच शहाणपणाचे. ज्यांना एका हातात वीस किलोंच्या वर जायचे आहे आणि घर लहान आहे, त्यांनी सरळ बदलत्या वजनाचा प्रकार घ्यावा. त्यांच्यासाठी पुढचे निम्मे विवेचन कामाचे नाही.

एकच वजन कुठे जड, कुठे हलके

हातातले वजन आणि सांध्यावर येणारा भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोपर अंगाला टेकवून डंबेल खांद्याकडे वळवताना, म्हणजे बायसेप्स कर्ल करताना, वजन कोपरापासून साधारण ३० ते ३५ सेंटिमीटरवर असते. तोच डंबेल हात जवळजवळ ताठ ठेवून बाजूला खांद्याच्या रेषेपर्यंत उचलला, ज्याला लॅटरल रेज म्हणतात, तर ते अंतर खांद्यापासून ६० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक होते. तरफेच्या साध्या नियमाने सांध्यावरचा भार जवळपास दुप्पट होतो. त्यात हाताचे स्वतःचे वजन मिळवावे लागते, जे शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असते. सत्तर किलोंच्या माणसाचा एक हात साडेतीन किलोंच्या आसपास भरतो. लॅटरल रेजमध्ये तीन किलोंचा डंबेल धडधाकट माणसालाही घाम फोडतो तो यामुळे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

पायांचे उलट आहे. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सर्वांत दांडगे स्नायू, आणि बैठक मारताना ते आधीच शरीराचे बहुतेक वजन पेलत असतात. सत्तर किलोंच्या माणसाने पाच किलोंचा डंबेल छातीशी धरला तर एकूण बोजा पंचाहत्तर होतो. इतकी वाढ त्यांना कळतसुद्धा नाही.

या दोन टोकांच्या मध्ये बाकीचे व्यायाम येतात. वजन डोक्यावर ढकलणे, म्हणजे शोल्डर प्रेस, आणि कर्ल हे मधल्या गटातले. कमरेत वाकून डंबेल पोटाकडे ओढणे, ज्याला रो म्हणतात, आणि जमिनीवर किंवा बाकावर पाठीवर पडून छातीवरून वर ढकलणे, हे त्याहून जड वजन मागतात. बैठका, आणि गुडघे किंचित वाकवून कमरेतून पुढे झुकण्याचा रोमानियन डेडलिफ्ट, यांना सर्वांत जड. माझ्या अनुभवात एखाद्याला लॅटरल रेजसाठी जेवढे वजन नेमके पडते, त्याच्या दुप्पट ते अडीचपट शोल्डर प्रेसला, तिप्पट रोला आणि चौपट किंवा जास्त बैठकांना लागते. हे प्रमाण माणसागणिक बदलेल, पण एकच जोडी का पुरत नाही हे त्यावरून लक्षात येते.

खरेदीआधी घरातच चाचणी घ्या

दुकानात जाण्याआधी स्वयंपाकघरातच आपला अंदाज घेता येतो. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली एक किलोंहून किंचित जास्त भरते. पाच लिटर खाद्यतेलाचा कॅन पाच किलोंचा नसतो, कारण तेल पाण्यापेक्षा हलके असते. लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असे छापलेले असते, त्या हिशेबाने कॅनमधले तेल साडेचार किलोंच्या थोडे वर जाते. कॅनला कडी असल्याने तो उचलायलाही सोपा. कणकेची पाच किलोंची आणि तांदळाची दहा किलोंची पिशवी दप्तरात घालून ते दप्तर एका हाताने ओढून पाहिले की रोचा अंदाज येतो, आणि तेच दप्तर छातीशी कवटाळून बैठका मारल्या की पायांचा.

चाचणी अशी करावी. पाच मिनिटे हातपाय मोकळे करून घ्यावेत. मग एक व्यायाम निवडून सावकाश, झोका न देता, दहा ते बारा आवर्तने करावीत, ज्यांना जिममध्ये रेप्स म्हणतात. बारावे आवर्तन संपताना ‘अजून दोन झाली असती, पण चारपाच नाही’ असे वाटले तर ते वजन सुरुवातीला योग्य. आठव्यालाच पाठ मागे वाकू लागली, खांदे कानांपाशी गेले किंवा श्वास कोंडला, तर ते जड. बारा झाल्यावर गप्पा मारता येत असतील तर हलके. प्रत्येक गटातला एक व्यायाम असा तपासून आकडे कागदावर मांडले की खरेदीची यादी आपोआप तयार होते. रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा, पाठीचे किंवा खांद्याचे जुने दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर ही चाचणीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच करावी. वजन ढकलताना श्वास सोडणे आणि परत आणताना घेणे ही सवय सर्वांनीच लावून घ्यावी, कारण श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

बायकांना दुकानात जे डंबेल्स दाखवले जातात त्यांबद्दल एक तक्रार नोंदवल्याशिवाय राहवत नाही. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार यंत्रावर पालथा घालणारी, दहा-बारा किलोंचे मूल कडेवर घेऊन बाजाराची पिशवी सांभाळत जिना चढणारी, प्रसंगी भरलेला गॅस सिलिंडर, ज्यात १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचे वजन जवळपास तेवढेच, तो कडेकडेने फिरवत स्वयंपाकघरात नेणारी बाई दुकानात आली की तिच्यापुढे एक किलोची गुलाबी जोडी ठेवली जाते. खांद्याच्या काही हालचालींना सुरुवातीला ती जोडी चालेल. पण तिच्या पाठीला आणि पायांना त्या वजनाने काहीही होणार नाही. जड वजन उचलल्याने बायका पुरुषांसारख्या दांडग्या दिसू लागतात ही समजूतही निराधार आहे. चाळिशीनंतर स्नायू आणि हाडे टिकवण्यासाठी त्यांना पुरेशा भाराची गरज पुरुषांइतकीच, किंबहुना रजोनिवृत्तीनंतर थोडी जास्तच असते.

दोन वजनांमधले अंतर

किती किलोंपासून सुरुवात करावी याचा विचार सगळे करतात. तिथून पुढची पायरी किती उंच आहे, याचा विचार मात्र फार थोडे करतात. अडीच, पाच, साडेसात, दहा ही मालिका कागदावर समान अंतराची दिसते. प्रत्यक्षात अडीचवरून पाचवर जाणे म्हणजे भार दुप्पट करणे, पाचवरून साडेसातवर जाणे म्हणजे दीडपट, साडेसातवरून दहावर जाणे म्हणजे एक-तृतीयांशाने वाढ, आणि दहावरून साडेबारावर फक्त पावपट वाढ. जिन्याची पहिली पायरी कमरेएवढी आणि शेवटची वीतभर असावी, तसा हा प्रकार आहे. लॅटरल रेजमध्ये अडीच किलोंवर बारा आवर्तने करणारा माणूस पाच किलो घेऊन तीनसुद्धा नीट करू शकत नाही, आणि मग तो झोका देऊन वजन फेकू लागतो, जे खांद्याला घातक असते.

म्हणून खालच्या वजनांत अंतर कमी, वरच्या वजनांत जास्त, अशी निवड करावी. दोन, तीन, चार, पाच किलो असे एकेक किलोंच्या अंतराचे डंबेल्स मिळतात. खांद्यासाठी त्यांतले निवडावेत. दहाच्या पुढे अडीच किलोंचे, आणि पायांसाठी पाच किलोंचेसुद्धा अंतर चालते. मधली उडी भरून काढायला मनगटाला बांधायचे अर्ध्या किंवा एक किलोचे वजनपट्टे उपयोगी पडतात. पट्टा बांधून चार किलोंचा डंबेल साडेचारचा होतो, आणि पाचची नवी जोडी दोन महिने लांबणीवर टाकता येते.

याला जोड द्यायची ती आवर्तनांची. एखादे वजन आठ आवर्तनांपासून सुरू करून हळूहळू बारांपर्यंत न्यायचे, आणि तिन्ही सेटमध्ये, म्हणजे मध्ये विश्रांती घेऊन केलेल्या आवर्तनांच्या तिन्ही फेऱ्यांत, बारा व्यवस्थित होऊ लागली की पुढच्या वजनावर जाऊन पुन्हा आठांपासून सुरुवात करायची. खांद्याच्या हलक्या व्यायामांत ही मर्यादा पंधरा-वीसपर्यंत ताणली तरी बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष जोड्यांचे बोलू. पूर्वी व्यायाम न केलेल्या, मध्यम बांध्याच्या स्त्रीने दोन किंवा तीन किलोंची एक, पाच किलोंची एक आणि साडेसात किंवा दहा किलोंची एक अशा तीन जोड्या घेतल्या तर पहिले सहा-आठ महिने तिला दुसरे काही लागू नये. तशाच पुरुषाने चार किंवा पाच, साडेसात आणि साडेबारा यांपासून सुरुवात करावी. सर्वांत जड वजनाची जोडी न घेता एकच नग घेणे हा पैसे वाचवण्याचा उत्तम मार्ग आहे: छातीशी धरून बैठका आणि एका हाताने रो या दोन्हींना एकच पुरतो. जोडीतला दुसरा नग नंतर घ्यायचा असेल तर त्याच बनावटीचा घ्यावा, कारण वेगळ्या बनावटीत मुठीची जाडी बदलते आणि एक हात दुसऱ्यापेक्षा लवकर थकतो. साठीपुढच्या व्यक्तींनी एक, दोन आणि चार किलो अशी आणखी खालून सुरुवात केली तरी चालेल, मात्र पुढची पायरी चढायची असते हे त्यांनीही लक्षात ठेवावे.

कशाचे बनलेले घ्यावेत

सर्वांत स्वस्त असतात ते प्लास्टिकच्या कवचात सिमेंटचे मिश्रण भरलेले डंबेल्स, ज्यांना दुकानात पीव्हीसीचे म्हणतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, काँक्रीटच्या सुमारे तिप्पट घनतेचे असते. त्यामुळे दहा किलोंच्या बिडाच्या डंबेलचे आकारमान दीड लिटरच्या आत राहते आणि सिमेंटचे चार लिटरच्या पुढे जाते. एवढा फुगीर डंबेल कर्ल करताना मनगटाला टेकतो, प्रेस करताना डोक्यावर दोन्ही एकमेकांवर आपटतात आणि रोमध्ये मांडीला घासतो. खाली पडला की कवच तडकते, आणि त्यातून करड्या भुकटीची बारीक धार घरभर सांडत राहते. माझ्या घरी ती सोफ्याच्या खालून दोन दिवस निघत होती. तीन किलोंपर्यंत हा प्रकार एक वेळ चालेल, त्यापुढे नको.

नुसत्या बिडाचे, रंग दिलेले डंबेल्स तालमीत पिढ्यान् पिढ्या वापरात आहेत. एकसंध ओतलेले असतील तर त्यांत सैल होण्यासारखे काहीच नसते. फरशीला मात्र ते वैरी, आणि कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत रंग उडाला की गंज धरतात. हलक्या वजनांत लोखंडावर व्हिनाइल किंवा निओप्रीनचा थर दिलेले रंगीत डंबेल्स मिळतात. निओप्रीनचा थर घामेजल्या हातातून सटकत नाही, आणि पाच किलोंपर्यंत मी तोच पसंत करतो. व्हिनाइलचा थर गुळगुळीत असतो आणि कडांना सोलला जातो. चकचकीत क्रोमचे डंबेल्स दिसायला देखणे, पण हात ओले असतील तर निसरडे.

पाच किलोंच्या पुढे घरासाठी रबराचे आवरण असलेले षट्कोनी डंबेल्स, ज्यांना सगळे हेक्स म्हणतात, हीच निवड मला योग्य वाटते. ते गडगडत नाहीत, त्यांवर हात टेकवून दंड काढता येतात, आणि फरशीवर टेकवताना आवाज कमी होतो. गोल टोकांचे जिमच्या स्टँडवर शोभतात. घरात थोडाही उतार असेल तर ते कपाटाखाली जाऊन बसतात. युरेथेनचे आवरण रबरापेक्षा टिकाऊ आणि वास नसलेले असते, परंतु त्याची किंमत घरगुती वापराला परवडेल अशी क्वचितच असते.

हातात घेऊन काय पाहावे

हेक्स डंबेल हा बहुधा तीन भागांचा असतो: मधली पोलादी मूठ आणि तिच्यावर दोन बाजूंनी घट्ट बसवलेली दोन टोके. दोष असला तर तो बहुतेक या सांध्यात असतो. डंबेल कानाजवळ धरून हलवावा. आतून खुळखुळ ऐकू आली तर तो बाजूला ठेवावा. मग एक टोक मांडीत पकडून दुसरे पिळून पाहावे. केसभरही फिरले तरी नको, कारण आज केसभर फिरणारे टोक वर्षभरात चांगले सैल होते. जमिनीवर ठेवून मूठ समपातळीत आहे का तेही पाहावे. दोन्ही टोकांची षट्कोने एकमेकांशी जुळलेली नसतील तर डंबेल डुगडुगतो, आणि त्यावर हात टेकवून दंड काढणे धोक्याचे ठरते.

मुठीवर बारीक आडव्या-उभ्या रेघांची खरबरीत नक्षी असते. तिच्यावरून अंगठा दाबून फिरवावा. पकड मिळाली पाहिजे, पण कानशीवरून बोट फिरवल्यासारखे वाटता कामा नये, नाहीतर आठवड्यात तळहाताला फोड येतात. मुठीची जाडी साधारण २५ ते ३५ मिलिमीटर असते. मूठ आवळल्यावर अंगठा तर्जनीच्या नखावर सहज पोहोचत असेल तर जाडी ठीक. बोटांची टोके आणि अंगठा यांत फट राहत असेल तर पाठीचा व्यायाम संपण्याआधी पंजाच थकेल. काही मुठी मध्ये फुगीर असतात. त्या बऱ्याच जणांना आवडतात, लहान पंजाच्या माणसाने मात्र सरळ मूठ घ्यावी. पंजा रुंद असेल तर दोन टोकांमधली जागा पुरते का, करंगळीकडची बाजू कडेला घासते का, हेही तिथल्या तिथे पाहून घ्यावे.

वजन छापल्याप्रमाणे आहे का, हा प्रश्न दुकानदाराला आवडत नाही, तरी विचारावा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा खिशात मावतो. डंबेल कापडी पिशवीत घालून काट्याला लटकवावा. दोन-तीन टक्क्यांचा फरक चालवून घ्यावा, म्हणजे दहा किलोंत दोन-तीनशे ग्रॅम. जोडीतल्या दोन नगांत मात्र आपसांत याहून कमी फरक असावा, कारण एका हाताला रोज अर्धा किलो जास्त पडला की शरीर नकळत एका बाजूला झुकायला शिकते. घरी साधा वजनकाटा असेल तर आधी स्वतः उभे राहून आणि मग डंबेल घेऊन उभे राहून वजाबाकी करता येते.

रबराचा वास हाही एक निकष आहे. पुनर्वापरातल्या रबराला जळक्या टायरसारखा उग्र वास येतो आणि त्याचे काळे डाग फरशीवर उमटतात. पांढऱ्या रुमालाने आवरण घासून पाहावे. रुमाल काळा झाला तर पुढे हातही होणार. सौम्य वास साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत आठवडाभर मोकळ्या हवेवर ठेवल्यास जातो. उन्हात ठेवू नये, रबर तडकते.

ऑनलाइन मागवायचे तर मथळ्यापेक्षा तपशील वाचावा. ‘१० किलो डंबेल सेट’ म्हणजे दहा दहा किलोंचे दोन नग, की पाच पाच किलोंचे दोन, हे दर वेळी वेगळे असते, आणि कधी त्या दहामध्ये दांड्याचे वजनही धरलेले असते. आकडे पौंडांत असतील तर दहा पौंड म्हणजे साडेचार किलो हे लक्षात ठेवावे. दोन विक्रेत्यांची तुलना करताना पोहोचवण्याच्या खर्चासह एकूण किमतीला एकूण किलोंनी भागावे. मेरठ आणि जालंधर ही देशातली खेळसाहित्याची मोठी केंद्रे; तिथून येणाऱ्या जड मालाला वाहतुकीचा खर्च चांगलाच पडतो, त्यामुळे परत पाठवायची वेळ आल्यास तो कोणी सोसायचा, हे आधीच वाचून घ्यावे. बंद पडलेल्या जिमचे जुने डंबेल्स मिळत असतील तर अवश्य पाहावेत. लोखंड शिळे होत नाही. सांधा घट्ट असेल आणि मूठ गंजलेली नसेल तर जुना हेक्स नव्या पीव्हीसीपेक्षा केव्हाही बरा.

घरात आणल्यावर

‘एवढे लोखंड घरात आणलेस, स्लॅबला काही होणार नाही ना,’ असा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांकडून येतोच. निवासी खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोंचा वापरभार धरलेला असतो. सुस्थितीतल्या इमारतीत भिंतीलगत ठेवलेल्या साठ-सत्तर किलोंच्या डंबेल्सची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता करायची ती फरशीची आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची. व्हिट्रिफाइड टाइल कठीण असते पण ठिसूळ. पाच किलोंचा डंबेल कोपऱ्यावर पडला तरी तिला तडा जातो. आठ ते दहा मिलिमीटर जाडीची रबराची मॅट, निदान व्यायामाच्या जागेपुरती, डंबेल्सच्या खरेदीतच धरावी. योगासनांची पातळ चटई याला पुरत नाही. आणि मॅट असली तरी डंबेल टाकायचा नसतो, ठेवायचा असतो. सकाळी साडेपाचला खालच्या घरात तो आवाज छत कोसळल्यासारखा ऐकू जातो.

लहान मुले असतील तर डंबेल्स टेबलावर, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा उंच फळीवर कधीही ठेवू नयेत. जमिनीलगतचा ठेंगणा स्टँड घ्यावा, किंवा पलंगाखाली मॅटच्या तुकड्यावर भिंतीशी ओळीने लावावेत. पावसाळ्यात ते बाल्कनीत ठेवू नयेत. दर व्यायामानंतर मूठ कोरड्या फडक्याने पुसावी, कारण घामातले मीठ क्रोमचा थर लवकर खाते. गंजाचे ठिपके दिसलेच तर तारेच्या घासणीने हलके घासून, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फडक्यावर घेऊन पुसावे आणि मग कोरड्या फडक्याने तेल पूर्ण काढावे. तेलकट मूठ घेऊन डोक्यावर वजन नेणे हा आगाऊपणा आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक डंबेल पुन्हा कानाजवळ हलवून पाहावा.

आहे ते वजन हलके पडू लागले की लगेच नवी जोडी घ्यायची गरज नसते. वजन वर नेताना एक आणि खाली आणताना मनात चार मोजले, किंवा बैठकीत सर्वांत खाली दोन क्षण थांबले, की तेच दहा किलो पुन्हा जड लागू लागतात. दोन पायांची बैठक सोडून एक पाय मागे खुर्चीवर टेकवून एका पायावर खाली गेले तर साडेसात किलोही भारी पडतात. हलक्या वजनाने जास्त आवर्तने, अगदी पंचवीस-तीसपर्यंत, थकवा येईतो केली तरी स्नायू वाढतो, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. कमाल ताकद वाढवायला मात्र जड वजनच लागते. मी वहीत तारीख, व्यायाम, वजन आणि आवर्तने एवढेच लिहितो. एखाद्या व्यायामात सलग चार वेळा तिन्ही सेट पूर्ण झाले, सावकाश करूनही झाले, आणि एका हाताचा किंवा एका पायाचा पर्यायही सोपा वाटू लागला, की त्या एका व्यायामासाठी पुढचे वजन आणायला मी दुकानात जातो, आणि हुकाचा काटा बरोबर नेतो.